डोळे मिटलेलं मासिक

आमच्या भाईंदर पूर्वेच्या दोन खोल्यांत फर्निचर म्हणून काही नव्हतं, होते ते अंक. माझे वडील, म्हणजे अप्पा, ‘खर्ज’ नावाचं शास्त्रीय संगीताचं मासिक काढायचे. ते जसं बाहेर जायचं तसंच्या तसं, चुरगळलेलंसुद्धा नाही, घरी परत यायचं. सुतळीने बांधलेल्या त्या परतीच्या गठ्ठ्यांवर आमचा संसार उभा होता. पलंग गठ्ठ्यांचा, टीपॉय गठ्ठ्यांचा, देवघराखाली गठ्ठे, आणि आईचा स्टोव्ह ‘तबल्याची घराणी’ या जोड-अंकावर. मी निजायचे ते मल्हार विशेषांकावर, आणि तो बाराही महिने ओलसर लागायचा. पाहुणे आले की आई त्यांना ठुमरीवर बसवायची, कारण तो अंक जाड होता आणि त्यावर बसून अजून कुणाला मूळव्याध झाली नव्हती. आमच्या बिल्डिंगचे खांब म्हणे खारजमिनीत दरवर्षी बोटभर खचत होते. माझं प्रामाणिक मत आहे की ती बिल्डिंग पडली नाही ती आमच्यामुळे, कारण तळमजल्याच्या शेजाऱ्यांनाही आम्ही दोन ट्रक अंक ठेवायला दिले होते. ट्रक नसतील, हातगाड्या असतील. पण भरलेल्या होत्या.

घराच्या मागे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने. सकाळी भोंगा झाला की पातेली ठोकायला सुरुवात व्हायची ती संध्याकाळपर्यंत. नवीन माणूस अर्ध्या तासात वेडा व्हायचा. आम्हाला रविवारीच कसंतरी व्हायचं, कानात काहीतरी सांडून गेल्यासारखं. अप्पा म्हणायचे, मोठं प्रेस मशीन झपतालात आहे आणि शेजारचं घासायचं मशीन लय सोडतंय. याच आवाजाच्या आडोशाने ते मोरीत गायचे. नळ सोडून, दार लावून. मुंबईला एका छापखान्यात ते प्रूफं तपासायला जायचे, पण सकाळच्या त्या पंधरा मिनिटांत मोरीत कुणीतरी दुसराच माणूस आंघोळ करतोय असं वाटायचं. आवाज पार तळापासून यायचा, बादलीतलं पाणी थरथरायचं. आई पोळी लाटता लाटता थांबायची. बाहेर आले की मात्र काही झालंच नाही असे टॉवेल वाळत घालायचे. तरुणपणी एकदाच बैठकीत गायला बसले होते. मध्येच डोळे उघडले, समोरची माणसं आपल्याकडे बघतायत हे दिसलं, आणि गळा जो बसला तो चारचौघांत पुन्हा उघडलाच नाही. मग दुसऱ्यांच्या गळ्यांवर लिहायचं ठरवलं. हे मला आईने सांगितलं.

‘खर्ज’च्या कव्हरवर दर महिन्याला एक गवई असायचा. वय साठीच्या पुढे, तोंड उघडं, डोळे घट्ट मिटलेले, एक हात कानावर. रंग दोनच, तपकिरी आणि त्याहून तपकिरी. अंकाचं नाव तळाशी, बारीक अक्षरांत, कारण अप्पांच्या मते संपादकाने कलाकाराच्या पायाशी बसावं. स्टेशनबाहेर तिवारीजींचा पेपरांचा स्टॉल होता. तिथे दोरीवर मासिकं एकावर एक अशी चढवून लावलेली असायची की प्रत्येकाची वरची चार बोटं तेवढी दिसावी. म्हणजे ‘खर्ज’चं काय दिसायचं? एक कपाळ. फार तर मिटलेल्या पापण्या. तिवारीजी उत्तर प्रदेशचे, अंगाने एवढे मोठे की स्टॉल त्यांच्या भोवती बांधला असावा. ते एक दिवस अप्पांना म्हणाले, “संपादकजी, एक आदमी पूछ रहा था, ये दाँत के डॉक्टर का किताब है क्या? मैंने पूरा खोल के दिखाया. बोला, हाँ, वही है.”

अप्पा हसले नाहीत. ते ‘खर्ज’बद्दल कधीच हसत नसत. पण त्या दिवशी तिवारीजींनी पुढचं वाक्यही बोलून टाकलं. दोरीवर चिमटे मोजके, नवी मासिकं रोज येतायत, आणि आमचा चिमटा गेली कित्येक वर्षं फुकट अडकलाय. “ये अगला वाला लगाऊँगा. वापस आया तो माफ़ कीजिए, चिमटा किसी और का.” मुंबईतल्या स्टॉलवाल्यांनी कधीच हात झटकले होते. जगात ‘खर्ज’च्या मालकीची जागा म्हणजे भाईंदर स्टेशनबाहेरचा तो एक लाकडी चिमटा. तो गेला की मासिक गेलं.

घरी येऊन अप्पांनी ताट पुढे घेतलं आणि तसंच ठेवलं. आईने त्या दिवशी वांगं-सुकट केलं होतं, आणि माझ्या आईच्या वांगं-सुकटीसाठी मेलेला माणूस तिरडीवर उठून बसायचा, मग भाकरी मागायचा. अप्पांनी बोटसुद्धा लावलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चहावर माणूस चालत होता. मोरीतलं गाणं बंद झालं, आणि कारखान्यांचा आवाज पहिल्यांदाच मला नुसता आवाज वाटायला लागला. आई मला हळूच म्हणाली, “शैले, हे मासिक नाही गं बंद होत. हा माणूस बंद होतोय.” मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, अंगात रग आणि तोंडात त्याहून जास्त. मी ठरवलं, चिमटा सुटू द्यायचा नाही. मग जे होईल ते होवो.

मी तिवारीजींच्या स्टॉलसमोर जाऊन उभी राहिले. कॉलेजला दांडी मारून, बोरं खात, नुसती बघत. मासिकं नाही, माणसं बघत. तेव्हा मला जे कळलं ते पुढे आयुष्यभर पुरलं. सिनेमाच्या गाण्यांचं एक मासिक होतं, त्यावरची बाई सरळ तुमच्याकडे बघायची. डावीकडून जा, उजवीकडून जा, तिचे डोळे मागे. कारखान्यातून सुटलेली पोरं बिडी विझवून तिच्यासमोर थांबायची, केस नीट करायची, मग विकत घ्यायची. भजनांचं एक होतं, पिवळ्याधमक प्रकाशात देव, हात वर. बायका ते घेताना आधी नमस्कार करायच्या, म्हणजे परत ठेवायची सोय नाही. इंग्रजी बँडवाल्यांचं एक, त्यावर चार केसाळ पोरं रागाने बघत असायची, आणि ते घ्यायला येणारी मिरारोडची पोरं अगदी तशीच रागाने बघत यायची. आरशासमोर उभं राहावं तशी. प्रत्येक कव्हर कुणाला तरी नावाने हाक मारत होतं. ओळीत एकटा आमचा गवई डोळे मिटून बसलेला. त्याने कुणाकडे बघितलं नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. हिशेब सरळ होता.

आता माझी नात फोनवर गाणी ऐकते. तिथली कव्हरं पोस्टाच्या तिकिटाएवढी, अंगठ्याखाली झाकून जातील अशी. परवा मी तिला विचारलं, हे एवढुसं काय दिसतं तुला? ती म्हणाली, आजी, दिसत नाही गं, पण तो माझ्याकडे बघतोय हे कळतं. आमच्या विसाव्या मजल्याच्या खिडकीखालून मेट्रो जात होती. मी उगाच तिकडे बघत बसले.

तर मी घरी येऊन जाहीर केलं, “अप्पा, कव्हरवरच्या माणसाने डोळे उघडायला पाहिजेत.”

“गाताना डोळे उघडे ठेवतो तो गात नसतो, शैला. आपल्याला कोण बघतंय ते बघत असतो.”

“मग घेणाराही असंच म्हणतो. हा मला बघत नाही, मी कशाला बघू?”

“घेणाऱ्यासाठी गायचं नसतं.”

“गायचं नसेल, छापायचं असतं!” आई आतून ओरडली. “अहो, तुमचे एवढे गवई माझ्या डब्यांखाली डोळे मिटून पडलेत. एकाला तरी जागं करा.”

उपाशी माणूस फार वेळ तत्त्वाने बोलू शकत नाही. शेवटी अप्पा म्हणाले, “पण डोळे उघडे ठेवून गाणारं कोण आहे इथे?” आणि तेवढ्यात जिन्यातून ती हाक आली.

ती हाक म्हणजे फिलूबाय. नाव फिलोमिना, उत्तनची कोळीण, एक दिवसाआड डोक्यावर पाटी घेऊन यायची. ती ‘बोंबी-ल’ म्हणून तळमजल्यावर ओरडली की चौथ्या मजल्यावरची दुधाची पातेली आपोआप उतू जायची. मी स्वतः पाहिलंय. समुद्रात वादळ असताना तिच्या नवऱ्याची होडी धक्क्याला लागली ती दिव्यावर नाही, तिच्या शिव्यांवर, असं ती स्वतःच सांगायची. लग्नांत ती गायची. आजूबाजूच्या साऱ्या पाड्यांतून तिला बोलावणं असायचं. आमच्या दारात मांदेली मोजता मोजता ती आईला दोन ओळी म्हणून दाखवायची आणि जाताना वरून विचारायची, “काय बाय, रेडिओ वाजला कं फिलू वाजली?”

मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी माझ्याकडे. “हिला?” ते म्हणाले. “‘खर्ज’वर?” पण म्हणता म्हणता ते तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिचे डोळे, मोठे, खाऱ्या वाऱ्याने कडेला लाल झालेले, सरळ त्यांच्याकडे बघत होते. “मास्तर, मासली पायजे तं सांगा,” ती म्हणाली. “न्हाय तं नजर काडा.”

पुढच्या आठवड्यात आम्ही उत्तनला गेलो. अप्पा, मी, आणि छापखान्यातून मागून आणलेला कॅमेरा. एका लग्नाच्या आधीचा दिवस होता. बायका विहिरीवरून पाणी आणायला निघालेल्या, पुढे घुमट, ते मडक्याचं वाद्य, वाजतंय, आणि मध्ये फिलूबाय. ती गात होती ते गाणं म्हणजे नुसती नावं. ह्या पाड्याची अमकी, त्या पाड्याची तमकी, कुणाची सून आळशी, कुणाचा जावई पिणारा, चिमटे घेत घेत साऱ्यांची नावं ती गाण्यात ओवत होती. ज्याचं नाव येईल तो लाजून लाल, आणि येईपर्यंत कासावीस. अप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने म्हणाले, “बाई, जरा डोळे मिटून घ्या ना.”

फिलूबाय गाणं थांबवून हसली. तिच्याबरोबर सगळी मिरवणूक हसली. “डोले मिटले तं कोन हाय नं कोन न्हाय ते मना कसं दिसेल, मास्तर? एक पारा र्‍हायला ना, तं लगीन मोडलं समजा. मंग त्यांच्या दारात जाऊन उभं र्‍हावं लागतं. त्यांचं नाव घेऊन गावं लागतं, ती बस म्हनतील तवर. माजी आय एकदा नाव इसरली, तं पावसात उभी र्‍हायलेली.”

पाड्याला ती पारा म्हणायची. अप्पांनी बटण दाबलं. तो फोटो मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. तोंड उघडं, कपाळावर घाम, आणि ते दोन डोळे, जणू तुम्हीच गर्दीत मागे राहिलाय आणि ती तुम्हाला शोधून काढणार आहे.

कव्हर मी मांडलं. डोळे वरच्या चार बोटांत, नाव वर, रंग लाल. आत साऱ्या पाड्यांची लग्नगीतं, आणि कव्हरवर डोळ्यांच्या वर एक ओळ: त्या पाड्यांची नावं. उत्तनची माणसं मासळी घेऊन रोज स्टेशनावर उतरतात, आपलं नाव दोरीवर टांगलेलं दिसलं की थांबणारच. अप्पांना ते पटलं. ते चक्क पटलं! त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि आईने लपून डोळे पुसले. अप्पांनी स्वतः प्रूफ तपासलं. वरचा पाडा, खालचा पाडा, बंदरपाडा, विहीरपाडा, क्रूसपाडा आणि वाळूपाडा. सहा नावं. ओळ भरून एक नाव खाली उतरत होतं. आता तुम्हीआम्ही काय केलं असतं? अक्षरं बारीक केली असती. पण माझा बाप प्रूफवाला. ओळ मोडायची नाही, अक्षराचा आकार बदलायचा नाही, या दोन गोष्टींवर तो सुळावर गेला असता. त्यांनी शेवटचं नाव काढलं आणि तिथे शांतपणे, सुवाच्य अक्षरात लिहिलं: इत्यादी. ओळ फुटपट्टीने मोजावी इतकी नेमकी बसली. घरी येऊन ते आम्हाला कौतुकाने सांगत होते. आम्हीही वा म्हणालो. मराठी माणसाला इत्यादीचं कधी काही वाटत नाही.

अंक दोरीवर लागला आणि दुपारपर्यंत संपला. खोटं वाटेल. मलाही वाटलं. तिवारीजींनी पोऱ्याला नाही, स्वतःला पाठवलं आमच्या घरी. त्यांना जिना चढताना आमच्या बिल्डिंगने पाहिलं ते पहिलं आणि शेवटचं. धापा टाकत म्हणाले, “और है? सब दीजिए.” अप्पांनी होते-नव्हते ते काढून दिले. दुसऱ्या दिवशी तेही संपले. कोळणी येत होत्या, टोपल्या रिकाम्या करून अंक भरून नेत होत्या, वाचतसुद्धा नव्हत्या, नुसते उचलत होत्या. घरात एकही प्रत परत आली नाही. अप्पा जेवले. मटणावर तुटून पडावं तसे पिठल्यावर तुटून पडले, आणि सकाळी मोरीत असे गायले की कारखान्यातल्या कामगारांनी जेवणाच्या सुट्टीला विचारलं म्हणे, रेडिओ कुणाचा? ते आईला पुन्हा पुन्हा सांगत होते, “लोक वाचतायत गं. लोकांना हवं होतं. आपण दाखवत नव्हतो.” आत त्यांचा एक लेखही होता, लोकगीतांतला षड्ज या विषयावर, बारा पानांचा. आता माणसं त्यावर पत्रं लिहितील म्हणून त्यांनी पोस्टमनला चहासुद्धा पाजला.

पत्र आलं नाही, फिलूबाय आली. डोक्यावर पाटी नाही, हात कमरेवर.

“मास्तर, वालूपारा कुठं हाय?”

अप्पांना कळेना. “आत आहे ना, सगळी गाणी आहेत. कव्हरवर जागा नव्हती म्हणून...”

“जागा न्हवती? सा पारं, पाचांना जागा नं एकाला जागा न्हाय? ती बाया इचारतात, आमी इत्यादी कं? आमचे बापजादे इत्यादी?” तिने श्वास घेतला. “समदी मासिकं त्यांनीच नेली. एक पन ठेवलं न्हाय. बाकीच्यांना बगायलासुदा न्हाय मिललं. नं चला, काय केलंय ते बगा. माज्या तोंडावर जवला सुकवतात!”

आम्ही गेलो. वाळूपाडा म्हणजे समुद्रालगतची सपाट जागा, जिथे बायका जवळा वाळत घालतात. तो बारीक, गुलाबी कोळंबीसारखा जीव जमिनीवर पसरावा लागतो. एरवी खाली ताडपत्री असते. त्या दिवशी खाली ‘खर्ज’ होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फरशी बसवावी तसा, कव्हर वर. वर जवळा, आणि जवळ्यामधून डोकावणारे फिलूबायचे शेकडो डोळे, आभाळाकडे रोखलेले. वास असा की माझी टिकली उडाली. अप्पा खाली वाकले. एक अंक त्यांनी उचलला, हाताने जवळा बाजूला सारला, उघडून बघितला. त्यांच्या बारा पानांची घडीसुद्धा मोडली नव्हती. एका छपरीत बसलेली कातरीन आजी, वाळूपाड्यातली सगळ्यात म्हातारी, तिथूनच ओरडली, “ठेव खाली! इकत घेतलंय!”

परतताना स्टेशनावर तिवारीजी वाटच बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. “संपादकजी, क्या दिमाग़ लगाया है! एक को छोड़ दिया, पूरा माल साफ़. चिमटा क्या, दो चिमटे ले लीजिए.” मग पुढे झुकून, अगदी आपुलकीने: “अगले महीने किसको छोड़ेंगे?”

यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण ते खरं होतं. वाळूपाडा रागात होता तोवर अंक खपणार होता. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाला वगळलं की ते घेणार. मासिक अमर होतं. घरी आल्यावर मी तर उघडउघड त्या बाजूने होते. “अप्पा, मुर्धा गावची भजनी मंडळं घ्या,” मी म्हणाले, “एक सोडून. मग राई गावातली. भाईंदरात माणसं कमी आहेत का सोडायला?” मला अप्पा जेवायला हवे होते, मोरीत गायला हवे होते. त्यासाठी मी अख्खा ठाणे जिल्हा इत्यादीत घातला असता. आई म्हणाली, “चिमटा राहतोय तर राहू दे. वाचतील कधीतरी.”

“ते वाचत नाहीयेत,” अप्पा म्हणाले. “ते झाकतायत.” आणि ताट पुन्हा सरकवलं. दोन दिवस ते गठ्ठ्यावर भिंतीकडे तोंड करून बसून होते. तिसऱ्या दिवशी उठून त्यांनी धोतर नेसलं, जे ते फक्त गवयांना भेटायला जाताना नेसायचे, आणि मला म्हणाले, “चल. फिलूबाईंनी सांगितलंय, नाव राहिलं तर दारात जाऊन गावं लागतं.”

“अप्पा, तुम्ही जाऊन माफी मागितली तर त्यांचा राग जाईल.”

“हो.”

“मग अंक कोण घेणार?”

“चल,” ते म्हणाले.

वाळूपाड्यातल्या बायका गोळा झाल्या. फिलूबाय घुमट घेऊन बसली. अप्पा मधोमध उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले, हात कानावर नेला आणि तोंड उघडलं. अगदी त्यांच्या कव्हरांसारखे. आवाज नाही. नुसतं उघडं तोंड. मागची पोरं खिदळायला लागली.

“डोले उघड!” कातरीन आजी छपरीतून गरजली. “कोनासाठी गातंस ते बग तरी!”

अप्पांनी डोळे उघडले. समोर पन्नासेक बायका, सगळ्या त्यांच्याकडेच बघत. मी मनात म्हटलं, गेला. आता हा माणूस इथेच कोसळणार. आणि मग तळातून, मोरीतल्या बादलीखालून यावा तसा, तो सूर आला. शब्द एकच. वाळूपाडा. त्यांना त्यांचं एकही गाणं येत नव्हतं, म्हणून त्यांनी नावाचाच ख्याल केला. वाळू-पाडा, वाळू-पाडा. कधी खाली खर्जात घासत, कधी असा वर नेत की वाळत घातलेल्या जाळ्यांवरचे बगळे उडाले. समोरच्या प्रत्येक बाईकडे बघत, एकेकीला ते नाव देत. फिलूबायला ताल सापडला आणि ती पिटायला लागली. बायका आधी हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मी सांगते तेव्हा दोन तास सांगते, पण ऊन फारसं सरकलं नव्हतं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला थांबत नव्हते. ‘बस’ म्हणेपर्यंत गायचं असतं आणि बस कुणी म्हणत नव्हतं.

शेवटी कातरीन आजी काठी टेकत पुढे आली. तिने हात वर केला, अप्पा थांबले. तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“आसा गला हाय,” ती म्हणाली, “तं मासिक कशाला काडतंस, बाबा?”

अप्पांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. मी एवढी बोलघेवडी बाई, पण इतक्या वर्षांत कुणालाही पटेल असं एक वाक्य मला यावर रचता आलेलं नाही. बायकांनी जवळ्याखालून अंक काढायला सुरुवात केली होती. त्या ते झटकून, वासासकट, नीट रचून आमच्यापुढे ठेवत होत्या. राग गेला होता ना. आता ठेवून काय करायचे?

जितके उचलवले तितके घेऊन आम्ही बसमध्ये बसलो. आसपासच्या माणसांनी नाकाला रुमाल लावले. मी खिडकीजवळ, अप्पा माझ्या बाजूला, मांडीवर ओलसर गठ्ठा. राई गेली तेव्हा मला राहवलं नाही.

“अप्पा, पुढचा अंक?”

“निघाला की आत्ता, वाळूपाड्यात,” ते म्हणाले.

मग ते रडायला लागले, आवाज न करता, मुर्धा येईपर्यंत, डोळे उघडे ठेवून. कंडक्टर तिकिटाचा चिमटा वाजवत आमच्यापाशी आला, थांबला आणि काही न मागता पुढे गेला.